अर्टिगाचा उजवा ब्रेक लाइट लागत नाही. बल्ब घरी बदलता येईल का?

पडवीतून | रविवार सकाळ

नमस्कार मंडळी.

गाडी पहिल्या पिढीची अर्टिगा, २०१४ ची पेट्रोल. मुक्काम वेंगुर्ल्याच्या जरा उत्तरेला. घरामागे माड, माडांमागे समुद्र, त्यामुळे गाडी बारा महिने खाऱ्या वाऱ्यावर. पडवीला लागून पत्र्याखाली उभी असते, बंद गॅरेज नाही.

काल रात्री कुडाळ स्टेशनवरून येताना मागून येणाऱ्या ओळखीच्या रिक्षावाल्याने पिंगुळीत गाठून सांगितलं की उजवा ब्रेक लाइट पेटत नाही. घरी येऊन बघितलं. डावा लागतो, मागच्या काचेवरचा मधला लागतो, उजवा नाही. पण उजव्या बाजूचा रात्रीचा साधा लाल दिवा मात्र व्यवस्थित लागतो, हे काही कळलं नाही.

चतुर्थीला मुंबईची दोन बिऱ्हाडं येणार आहेत. पोरंटोरं, सामान, माटवीचं (गणपतीवरच्या सजावटीचं) साहित्य, सगळं याच गाडीतून. स्टेशन ते घर अशा खेपा, त्याही रात्रीच्या आणि पावसातल्या. गाड्यांचा वायरमन कुडाळला आहे आणि सध्या त्याच्याकडे रांग आहे. हे काम घरी होतं का? बल्ब नेमका कोणता? हत्यारं म्हणाल तर पान्यांचा सेट, स्क्रू ड्रायव्हर, पक्कड आणि एक जुना मल्टिमीटर.


चिऱ्याचा गडगा | रविवार सकाळ

होतं, आणि घरीच करा.

डावा आणि मधला लागतोय म्हणजे फ्यूज आणि पेडलवरचा स्विच दोन्ही ठीक आहेत. तिन्ही एकदम गेले असते तर बल्बला हात न लावता आधी फ्यूज बघायला सांगितलं असतं. एकच बाजू गेली, तर दोष त्या दिव्यात किंवा त्याच्याकडे जाणाऱ्या वायरीत.

साधा लाल दिवा लागतो आणि ब्रेकचा नाही, याचं कारण म्हणजे दोन्ही कामं एकच बल्ब करतो. त्यात दोन तारा असतात: ५ वॅटची रात्रीच्या दिव्यासाठी, २१ वॅटची ब्रेकसाठी. एक तुटली तरी दुसरी चालू राहते. बल्बच्या धातूच्या बुडावर ‘१२ व्ही’ आणि ‘पी२१/५डब्ल्यू’ असं उठवलेलं दिसेल. तुमच्या बल्बवर वेगळं काही असेल तर तेच खरं, माझं नाही.

किल्ली काढा, सगळे दिवे बंद करा, डिकीचं दार वर घ्या. दिव्याच्या आतल्या कडेला दोन बोल्ट दिसतील. ते काढले तरी दिवा लगेच सुटत नाही, कारण बाहेरच्या कडेला प्लास्टिकच्या खुंट्या बॉडीतल्या खाचांत घट्ट बसलेल्या असतात. दोन्ही हातांनी धरून, किंचित हलवत, सरळ मागच्या दिशेला ओढायचा. बाजूला वाकवलात तर खुंटी मोडते, आणि एका खुंटीपायी अख्खा दिवा विकत घ्यावा लागतो. स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटायचं तर नावच काढू नका. रंगावर ओरखडा गेला की आपल्या हवेत पहिल्याच पावसाळ्यात तिथून गंज धरतो. हात बसत नसेल तर कडेच्या पत्र्यावर आधी कागदी टेप लावून घ्या.

दिवा सुटला की तो वायरींवर लोंबकळू देऊ नका, एकाने धरावा किंवा खाली स्टूल ठेवावं. ब्रेकचा होल्डर डावीकडे फिरवला की बाहेर येतो. मग बल्ब आत दाबायचा, दाबलेल्या अवस्थेतच डावीकडे थोडा फिरवायचा, सोडायचा. निघाला.

नवा घालताना बुडाच्या दोन पिना नीट बघा. एक जरा वर, एक जरा खाली असते. बल्ब उलटा बसून ब्रेकच्या जागी रात्रीचा दिवा लागू नये म्हणून ती सोय. बसत नसेल तर अर्धा फेरा फिरवून पुन्हा बघा. जोर करायचा नाही.

आणि बोल्ट आवळण्याआधी ब्रेक दाबून बघा. हे लिहायची गरज नाही असं वाटतं, पण आहे.


काजूबोंडू | रविवार सकाळ

जुना बल्ब खिशात घालूनच दुकानात जा. एकाच तारेचा पी२१डब्ल्यू दिसायला अगदी तसाच असतो, आणि काउंटरवरचा पोरगा घाईत असला की तोच हातात ठेवतो. बुडाखाली शिशाचे ठिपके मोजा. दोन असले तर दोन तारांचा, एक असला तर एका तारेचा.

घेताना दोन घ्या. डावा बल्बही त्याच वयाचा आहे, तो आज ना उद्या जाईलच. दोन्ही मिळून शंभराच्या आसपास काम होतं.


बंदरावरचा | रविवार दुपार

काचेला बोट लावू नका हं, कापडाने धरा. बोटाच्या तेलाने बल्ब फुटतो.


चिऱ्याचा गडगा | रविवार दुपार

@बंदरावरचा, ते पुढच्या हॅलोजनच्या बल्बसाठी. त्याची काच इतकी तापते की तेलाच्या डागापाशी कमकुवत होते. हा साधा २१ वॅटचा बल्ब, त्याला बोट लागलं तर आभाळ कोसळत नाही. पुसून घातलात तर चांगलंच. मात्र नुकता ब्रेक दाबून बघितलेला असेल तर कापड हवंच, कारण हाताला चटका बसेल इतका हाही तापतो.


सुरंगी | रविवार दुपार

एकटं माणूस असलं तर ब्रेक लाइट बघायचा कसा, हे कुणी सांगत नाही. आमच्याकडे दिवसा घरात मी आणि सासूबाई. त्यांना गाडीमागे उभं केलं की त्या ‘लागला, लागला’ म्हणतात. लागलेला असो वा नसो!

मी संध्याकाळी गाडी भिंतीला पाठ करून लावते आणि आरशात बघते. पण भिंत पांढरी हवी. चिऱ्याच्या उघड्या गडग्यावर लाल उजेड पडला तर काही ओळखू येत नाही, चिरा मुळातच तांबडा. गडग्यावर पांढरा पंचा टाकला की डावा-उजवा फरक लगेच दिसतो. दिवसा करायचं असेल तर पेडल आणि सीट यांच्यामध्ये काठी अडकवून मागे जाऊन बघायचं. काठी हळू बसवा. किंवा मोबाइल मागे टेकवून व्हिडिओ चालू ठेवायचा. बऱ्याच गाड्यांत किल्ली न लावताही ब्रेक लाइट लागतो. नाही लागला तर किल्ली ऑनवर फिरवून बघायचं.


काजूबोंडू | रविवार दुपार

पंच्याची युक्ती आवडली. आमच्या घराला अजून गिलावा नाही, उपयोगी पडेल.


पडवीतून | सोमवार संध्याकाळ

सगळ्यांचे आभार. दिवा सांगितल्याप्रमाणे सरळ मागे ओढून काढला, खुंट्या शाबूत आहेत. पण प्रकरण वेगळंच निघालं.

जुन्या बल्बच्या दोन्ही तारा डोळ्यांना धड दिसतात. काच काळवंडलेली नाही, आत पांढरी भुकटी नाही. तरी नवा आणून घातला. आता ब्रेक दाबला की उजवीकडे लागतो, पण मंद, डाव्याच्या निम्माही नाही. जुना परत घालून अंधारात बघितला, तर तोही तसाच मिणमिणतो. म्हणजे आधीही अगदीच बंद नव्हता, उजेडात कळत नव्हता इतकंच.

पुढचं आणखी विचित्र. रात्रीचे दिवे लावून ब्रेक दाबला तर उजवा दिवा उजळण्याऐवजी आणखी मंदावतो, आणि त्याच दिव्यातला पिवळा इंडिकेटर अंधुक पेटतो. इंडिकेटरला मी हातही लावलेला नाही. बल्बच चुकीचा मिळाला का? बुडावर तर पी२१/५डब्ल्यूच आहे, ठिपके दोन, पिना वर-खाली.


मांडवीचो झील | सोमवार संध्याकाळ

तुझो बल्ब गेलोच नाय रे. अर्थिंग गेला आसा. माझ्या इकोक तसाच झालेला, ब्रेक मारलो काय इंडिकेटर मिणमिणूक लागा. दर्याकडची गाडी, दुसरा काय होतला? होल्डर आणि मागचो प्लग काढून बघ, हिरवो पडलेलो असतलो. वायच पॉलिश पेपर मार. उगाच नवे बल्ब घेत बसू नको.


शेवरीचं झाड | सोमवार रात्र

वरच्या झीलने दोन ओळींत निदान केलं आहे. मी फक्त ‘का’ सांगतो, कारण ते कळलं की पुढच्या वेळी कुणाला विचारावं लागणार नाही. (मी गाड्यांचा वायरमन नाही, पण बोटींच्या वायरिंगवर बरीच वर्षं काढली आहेत. खारं पाणी तांब्याचं काय करतं ते रोज बघतो.)

त्या दिव्यातल्या ब्रेक, रात्रीचा दिवा आणि इंडिकेटर या सगळ्यांना वीज वेगवेगळ्या वायरीने येते, पण परत जायची वाट मात्र बहुधा एकच असते. ती वायर बॉडीच्या पत्र्याला जोडलेली असते, तीच अर्थिंग. त्या वाटेत कुठेतरी, होल्डरच्या पत्तीवर, प्लगच्या पिनेवर किंवा बॉडीवरच्या बोल्टखाली कळंक (हिरवट गंज) चढला की वाट अरुंद होते.

आता रात्रीचा दिवा ५ वॅटचा, १२ व्होल्टवर जेमतेम ०.४ अँपिअर ओढतो. अरुंद वाटेतूनही तेवढं निभतं. ब्रेकची तार २१ वॅटची, तिला पावणेदोन अँपिअर लागतात. समजा कळंकाचा अडथळा एकच ओहम आहे. रात्रीच्या दिव्याचं त्यात अर्धा व्होल्टही जात नाही, पण ब्रेकचा दीड व्होल्ट तिथेच खर्ची पडतो. आणि तारेच्या बल्बचा उजेड व्होल्टेजच्या सरळ प्रमाणात घटत नाही. व्होल्टेज १० टक्क्यांनी उतरलं तर उजेड जवळपास ३० टक्क्यांनी उतरतो. म्हणून साधा दिवा ‘ठणठणीत’ आणि ब्रेक मेल्यासारखा.

इंडिकेटर का पेटतो? पावसाळ्यात पन्हळ पानांनी तुंबली की पाणी पडवीत उतरतं, तसंच. ब्रेकची वीज परत जायला वाट शोधते, नेहमीची तुंबलेली असते, मग ती शेजारच्या तारेतून उलटी शिरून भलत्याच दिव्यातून बाहेर पडते. कुणाचा नंबर प्लेटचा दिवा लागतो, कुणाचे पुढचे पार्किंगचे दिवे मिणमिणतात. ब्रेक दाबल्यावर ज्याचा ब्रेकशी काही संबंध नाही असं काही पेटलं, तर आधी अर्थिंग बघायचं.

मल्टिमीटर आहे म्हणालात ना? तो डीसी २० व्होल्टवर ठेवा. प्लग जोडलेला, बल्ब जागेवर. एक टोक होल्डरच्या अर्थिंगच्या पत्तीला लावा, दुसरं बॉडीच्या उघड्या धातूला. डिकीच्या दाराच्या बिजागरीचा बोल्ट चालेल, पण रंग नसलेली जागा निवडा. कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगा. आकडा शून्याच्या जवळ हवा. पाव व्होल्टच्या वर गेला तर त्या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी कळंक बसला आहे. मग होल्डरच्या बाजूचं टोक एक एक सांधा पुढे सरकवत न्या: पत्ती, प्लगच्या अलीकडे, प्लगच्या पलीकडे. आकडा जिथे एकदम पडतो तिथेच दुखणं.

मीटर नसेल त्यांच्यासाठी: वायरीचा एक तुकडा घ्या, एक टोक अर्थिंगच्या पत्तीला, दुसरं बॉडीच्या धातूला टेकवा आणि ब्रेक दाबा. बल्ब खणखणीत पेटला तर निदान झालं. एकच धोका: तो तुकडा चुकून वीज येणाऱ्या पत्तीला लागला तर फ्यूज जाईल. अर्थिंगची वायर पुष्कळ गाड्यांत काळी असते, पण नुसत्या रंगावर विसंबू नका. बल्बच्या बुडाच्या बाजूला टेकणारी पत्ती ती अर्थिंग, तळाच्या दोन ठिपक्यांना टेकणाऱ्या त्या विजेच्या.


बंदरावरचा | सोमवार रात्र

वाचून झाल्यावर खाली जाऊन माझ्या गाडीचा ब्रेक दाबून आलो. नंबर प्लेट पेटते. 😐


घाटमाथा | मंगळवार सकाळ

एवढा खटाटोप कशाला? दोन्हीकडे एलईडी टाका. वीज कमी लागते, म्हणजे अर्थिंगवरचा ताणही कमी. शिवाय एलईडी क्षणात पेटतो. तारेच्या बल्बला पूर्ण उजळायला साधारण ०.२ सेकंद जातात. ताशी ६० ने चालणारी गाडी तेवढ्यात तीन मीटरहून जास्त पुढे जाते. मी रोज आंबोली घाट करतो. जुलैत धुकं उतरलं की पुढची गाडी म्हणजे फक्त दोन लाल ठिपके. ते ठिपके तीन मीटर आधी दिसले तर मला हवेच आहेत.


चिऱ्याचा गडगा | मंगळवार सकाळ

०.२ सेकंदांचं मान्य. कंपनीने मुळातच एलईडीचा दिवा बसवला असेल तर तो चांगलाच. पण तारेच्या बल्बासाठी घडवलेल्या दिव्यात बाजारातला एलईडी खोचणं ही वेगळी गोष्ट आहे. बल्बमागचा आरसा (रिफ्लेक्टर) एका विशिष्ट जागी असलेल्या तारेचा उजेड पसरवण्यासाठी घडवलेला असतो. एलईडीचे दाणे त्या जागी नसतात. समोरून लख्ख दिसतं, थोडं बाजूने बघा, अंधार. घाटातल्या वळणावर मागचा माणूस तुमच्याकडे बाजूनेच बघत असतो.

दुसरं, रात्रीचा दिवा आणि ब्रेक यांच्या उजेडातला फरक. ५ आणि २१ वॅटमध्ये तो डोळ्यांत भरतो. स्वस्त एलईडीत दोन्ही जवळपास सारखे, मग ब्रेक दाबलाय की नुसते दिवे चालू आहेत ते मागच्याला कळायचं कसं? लाल काचेआड पांढरा एलईडी घातला तर रंगही गुलाबी पडतो.


शेवरीचं झाड | मंगळवार सकाळ

आणि वीज कमी लागते म्हणून खराब अर्थिंगवरही एलईडी पेटेल, हे खरं. तेच मला नको वाटतं. कळंक तिथेच राहणार, वाढणार, आणि पुढच्या वर्षी त्याच वाटेवरचा इंडिकेटरही जाणार.

आणखी एक, हे फक्त आपल्या हवेपुरतं. तारेचा बल्ब तापतो, त्या उष्णतेने दिव्यातली दमट हवा सुकते. आमच्या वाडीत ज्यांनी एलईडी घातले त्यांच्या दिव्यांच्या काचांना श्रावणात आतून घाम सुटलेला दिसतो.


घाटमाथा | मंगळवार दुपार

बाजूच्या कोनाचा मुद्दा तपासून बघेन. घामाचा मात्र अनुभव नाही. आमच्याकडे धुकं असतं, खार नसतो.


पोस्टमन वाडी | मंगळवार दुपार

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम १०२ याच विषयाचा आहे: इशारे, इंडिकेटर आणि स्टॉप लाइट. पायाचा ब्रेक दाबला की मागे लाल दिवा लागलाच पाहिजे. माझी पिवळ्या पाटीची गाडी, फिटनेसला नेली की साहेब पहिल्यांदा मागे उभे राहून ‘दाब’ म्हणतात. घरच्या गाडीला कुणी विचारत नाही म्हणून ती तशीच फिरते. चतुर्थीच्या आधी हायवेवर रात्री उभे राहा आणि बघा, दर काही गाड्यांनंतर एक काणी दिसेल.


हर्णैकर | मंगळवार दुपार

थोडं विषयांतर. किनाऱ्यावर गाडी घालणाऱ्यांचे ब्रेक लाइट आणि होल्डर आम्ही बघतो, म्हणून बोलतो. ओल्या वाळूवर गाडी फिरवायची, लाटेत चाकं घालून फोटो काढायचे, मग रुतली की ट्रॅक्टर बोलवायचा. ट्रॅक्टरवाल्याचे पैसे दिले की संपलं असं त्यांना वाटतं. संपत नाही. मागच्या चाकांनी उडवलेलं खारं पाणी बंपरच्या आतून थेट त्या प्लगवर जातं. पाहुणे पुण्याला पोचतात आणि सहा महिन्यांनी ‘या कंपनीचं वायरिंगच बेकार’ असं लिहितात. खाऱ्या पाण्यातून गेलीच असेल तर त्याच दिवशी गोड्या पाण्याने खालून धुवा. पाइप मंद सोडा, जोराच्या फवाऱ्याने पाणी सांध्यांत आणखी आत घुसतं.


सुरंगी | मंगळवार संध्याकाळ

हर्णैकर, हे पाटीवर लिहून किनाऱ्यावर लावा.

माझा प्रश्न: कळंक काढायचा कशाने? चिंच-मीठ चालेल का? तांब्या-पितळ त्यानेच लखलखतं आमच्याकडे.


शेवरीचं झाड | मंगळवार रात्र

ताई, नको. आंबट आणि मीठ, दोन्ही त्या फटींत अडकून राहतील. तांब्या आपण नंतर भरपूर पाण्याने धुतो, होल्डर तसा धुता येत नाही. मीठ घालवायला निघालो आणि मीठच घालून आलो, असं होईल.

झिरो नंबरचा पॉलिश पेपर, नखाएवढा तुकडा. पत्तीवर फिरवायचा, पितळ चमकलं की थांबायचं. वरचा मुलामा सगळा खरवडू नका, नाहीतर पुढचा गंज आणखी लवकर. प्लगच्या बारीक पिनांना कागद पोचत नाही, तिथे कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा आणि जुना दात घासायचा ब्रश. पत्ती चपटी पडून बल्बला नीट टेकत नसेल तर बारीक स्क्रू ड्रायव्हरने किंचित वर उचला. किल्ली काढलेली असू दे.

सगळं सुकलं की वर डायइलेक्ट्रिक ग्रीसचा पातळ थर. ते वीज वाहून नेत नाही म्हणून लोक घाबरतात, पण धातू धातूवर दाबून बसतो तिथून ते आपोआप बाजूला सरतं आणि आजूबाजूची हवा-खार अडवतं. ते नसेल तर अगदी थोडं व्हॅसलीन. खोबरेल नको, मुंग्या येतात.


मांडवीचो झील | मंगळवार रात्र

खोबरेल तेलाचा कोणाक सुचला नव्हता, तूच सांगून ठेवलंस. आता उद्या कोण तरी लावतलोच.


काजूबोंडू | बुधवार सकाळ

आणि बल्ब होल्डरमध्ये गंजून चिकटला, फिरवताना काच हातात आली तर? माझ्या जुन्या व्हॅनचं असंच झालं होतं. कुणीतरी सांगितलं की अर्धा बटाटा त्यावर दाबून फिरव.


चिऱ्याचा गडगा | बुधवार सकाळ

बटाट्याचा रस होल्डरमध्ये उतरला की पुन्हा तीच कळंकाची गोष्ट. जाड हातमोजे घाला, उरलेली काच कागदावर पाडा, मग पकडीच्या टोकाने पितळी बुडाची कड आत वाकवून, दाबून फिरवा. त्याआधी गंज सोडवणारं तेल थोडं सोडून वाट बघितलीत तर बरं, पण नंतर ते पुसून काढायचं. डोळ्यांवर चष्मा हवा, साधा वाचायचा असला तरी.


पडवीतून | गुरुवार रात्र

झालं. उजवा आता डाव्यासारखाच लागतो, इंडिकेटर गप्प आहे.

मीटरवर ब्रेक दाबल्यावर होल्डरच्या पत्तीपाशी सव्वादोन व्होल्ट दिसले. प्लगच्या दिव्याकडच्या बाजूला तितकेच. प्लगच्या गाडीकडच्या बाजूला टोक लावलं तर जवळजवळ शून्य. म्हणजे होल्डर बरा होता, दुखणं प्लगमध्येच. सोडवून बघितला तर एकच पीन हिरवीगार, बाकीच्या स्वच्छ. हिरवी ती काळ्या वायरीची. टॉर्च मारून बघितला तर त्या पिनेजवळ रबराची कडा दुमडून बसलेली होती, पाणी तिथूनच जात असणार. क्लीनर मारला, ब्रशने घासला, सुकू दिला, ग्रीस लावलं, रबर सरळ करून प्लग दाबला. डाव्या बाजूचाही उघडून तेच केलं. तिथे नुकती हिरवट झाक धरत होती.

दिवा परत बसवताना मागची फोमची पट्टी एका कोपऱ्यात दबून सपाट झालेली दिसली, तीही बदलली, नाहीतर पाणी डिकीत उतरलं असतं. शिवाय दिव्याच्या मागे हवा जायची जी नळी असते तिच्यात कुंभारणीने मातीचं घर बांधलं होतं. काडीने काढलं. ती नळी बुजली की दिव्यातली दमट हवा बाहेर जात नाही, असं वायरमन म्हणाला. (त्याला फोन केलाच शेवटी. तो म्हणाला, ‘जमलं ना? मग आता शेजाऱ्यांच्या पण करा, माझी रांग कमी होईल.’)

नवे बल्ब दोन्हीकडे घातले आहेत. जुने दोन पुडीत बांधून गाडीत ठेवलेत, अडीअडचणीला.


शेवरीचं झाड | गुरुवार रात्र

सव्वादोन व्होल्ट! एका पिनेवर. उत्तम शोधलंत. चतुर्थीनंतर, पाऊस ओसरला की ती पीन एकदा परत उघडून बघा. मुलामा गेलेला असेल तर पुन्हा हिरवी पडेल. तसं झालं तर पीनच बदलून घ्यायची, दर वेळी घासत बसायचं नाही.

नळी सिलिकॉनने बंद करणारेही लोक आहेत. तसं कुणी करू नका.


सुरंगी | शुक्रवार सकाळ

याच धाग्यात विचारते, नवीन काढत नाही. आमच्या गाडीचं उलट झालंय. ब्रेक लाइट बंदच होत नाहीत. तिन्ही. किल्ली काढली, पेडलवर पाय नाही, तरी लागलेले. रात्री कुणाच्या लक्षात आलं नाही आणि सकाळी बॅटरी उतरलेली. पेडल हाताने वर ओढून बघितलं, तरी तसंच. हे पण अर्थिंगच का?


चिऱ्याचा गडगा | शुक्रवार सकाळ

नाही, हे पेडलपाशीच. पेडलच्या दांड्याच्या वरच्या भागात एक स्विच असतो, त्याला बाहेर येणारं बारीक बटण. पाय काढला की पेडल वर येऊन ते बटण दाबून ठेवतं, म्हणजे दिवे बंद. पेडल जिथे त्या बटणाला टेकतं तिथे एक भोक असतं आणि त्यात रबराची किंवा प्लास्टिकची गुंडी बसवलेली असते. जुनी झाली की ती कडक होऊन तुटते. मग बटण त्या भोकातूनच आरपार जातं, दाबलंच जात नाही, आणि गाडीला वाटतं तुम्ही ब्रेकवर पाय ठेवून बसला आहात. चटई उचलून बघा, गुंडीचे तुकडे सापडतील.


सुरंगी | शुक्रवार दुपार

चटईखाली पांढऱ्या प्लास्टिकचे चार तुकडे! एक तर बोटाने दाबला आणि त्याचं पीठ झालं. टॉर्च मारून बघितलं, वर भोक रिकामं आहे. तुकडे पुडीत घालून दुकानात नेते. तोपर्यंत बॅटरीची काळी वायर काढून ठेवली आहे, पुन्हा उतरायला नको.


चिऱ्याचा गडगा | शुक्रवार दुपार

काळी काढलीत ते बरोबर. गुंडी छोटी असते, नुसत्या बोटांनी दाबून बसते, पण त्यासाठी पेडलखाली डोकं घालून झोपावं लागतं. दुकानात नाही मिळाली तर त्या भोकात बसेल असा आखूड बोल्ट आणि मागून नट, एवढ्यावर तात्पुरतं भागतं. बोल्टचं डोकं सपाट हवं आणि बटणाकडच्या बाजूला. बसवल्यावर दोन्ही गोष्टी बघा: पाय काढला की दिवे विझतात का, आणि पेडल अगदी थोडं दाबलं तरी लगेच लागतात का. दुसरं झालं नाही तर बोल्टचं डोकं जाड आहे, पातळ घ्या.